कॅप्टन हबेलच्या कागदांतली मुलगी

वेस्ट हॅरो गावात एखाद्या पुरुषाच्या अंगावर कोट नीट बसलेला दिसला की तो फीना हबेलनं शिवलाय, हे विचारावं लागायचं नाही. शेतकऱ्यांच्या घरी ती एकेक आठवडा मुक्कामाला जायची, खिडकीशी खुर्ची ओढून घरातल्या सगळ्या पुरुषांचे कोट आणि विजारी शिवून द्यायची, आणि शनिवारच्या घेवड्याची हंडी भट्टीत जायच्या आत कात्री पिशवीत टाकून परत यायची. तिचं बायबलातलं पूर्ण नाव ट्रायफीना. पण एवढं लांब नाव घ्यायला सवड कोणाला? सगळ्या गावाची ती फीना आत्या.

जीभ कात्रीइतकीच चालायची. मापाला उभा राहिलेला माणूस पोट आत ओढायला लागला की म्हणायची, "सोड बाबा तो श्वास. कोट तुला घालायचाय, तुझ्या बायकोनं वीस वर्षांपूर्वी पाहिलेल्या माणसाला नाही." लोक हसायचे, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तिलाच बोलवायचे.

स्वतःविषयी मात्र ती फारसं बोलायची नाही. आयुष्यात तिनं एकच बढाई मारली, पण ती इतक्यांदा मारली की गावातल्या कुत्र्यांनाही पाठ झाली असेल. तिचे वडील कॅप्टन गिडिअन हबेल अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांशी लढत असताना तिनं म्हणे स्वतःच्या हातानं पायमोजा बांधायची पट्टी विणून छावणीत पाठवली होती. "अडीच वर्षांची होते मी तेव्हा. अडीच! बाबांच्या पत्रात लिहिलंय तसं." आमच्याकडे पोरी चार-पाचव्या वर्षी विणायला शिकतात. अडीच वर्षांची पोर सुई कानात घालील, दुसरं काय करणार? पण म्हाताऱ्या बाईशी वाद कोण घालतो! लायमनची बायको अल्मायरा तेवढी कधीमधी चिमटा काढायची, "आत्या, पट्टी द्यायला पाळण्यातून छावणीपर्यंत चालत गेलात की घोडा जोडायला लावलात?"

या लायमनच्याच घरी ती राहायची. तो तिच्या धाकट्या भावाचा मुलगा. भाऊ कधीच वारला होता.

आता ती पत्रं काय होती, ते सांगायला हवं.

कॅप्टन हबेल युद्धावरून घरी आला तेव्हा फीना तीन वर्षांचीही नव्हती. दारात एक उंच, वाळलेला माणूस उभा राहिला आणि ती आईच्या घागऱ्यामागे लपली, एवढंच तिला आठवायचं. त्याच वर्षी समुद्रकाठचं घर विकून ते इकडे डोंगरात आले, जिथे त्यांना कोणी ओळखत नव्हतं. दोन वर्षांनी भाऊ एबेन जन्मला आणि आई त्या बाळंतपणातच गेली. कॅप्टननं नवं बायबल आणलं होतं. त्याच्या पहिल्या पानावर घरातल्या माणसांची नावं लिहिली होती, ती सगळी जिवंत माणसांची. त्यात आईच्या मृत्यूची तेवढी तारीख घातली आणि पान मिटलं. मागचं काही बोलायचं नाही, हा त्या घराचा कायदाच होता.

माणूस वाईट नव्हता. दारू नाही, मारझोड नाही, रविवारी प्रार्थनेला पहिल्या बाकावर. पण फीना नऊ-दहा वर्षांची झाली तेव्हा तिच्या एक गोष्ट लक्षात आली. बाबा एबेनला एबेन म्हणतात, गाईला बेस म्हणतात, शेजाऱ्याच्या लंगड्या कुत्र्यालासुद्धा नावानं हाक मारतात. तिला मात्र नाही. "मुली, पाणी आण." "मुली, दार लाव." तिनं काही दिवस मुद्दाम ओ दिली नाही, नाव घेतात का बघायला. ते उठून स्वतः पाणी घेऊन आले. त्यानंतर तिनं तो हट्ट सोडून दिला.

चौदाव्या वर्षी आईच्या शिवणाच्या पेटीत, अस्तराखाली, तिला अकरा पत्रं सापडली. बाबांनी छावणीतून आईला लिहिलेली. वर तारीख आणि महिना होता, साल नव्हतं. त्या काळी थंडीत गोठलेल्या बोटांनी साल कोण लिहीत बसतो! माळ्यावर पोत्यांच्या आड बसून तिनं ती वाचली, आणि वाचता वाचता तिला रडूच फुटलं. कारण प्रत्येक पत्रात ती होती.

"फीनीला सांग, तिनं विणलेली पट्टी मी रोज बांधतो. तिची एक बाजू लांब झाली आहे, पण आमच्या या फौजेत धड असं कोणाचंच काही नाही." "माझी फीनी माझी आठवण काढते का? नसेल काढत तर तिला आठवण करून दे, आणि काढत असेल तर मला कळवू नकोस, मला इथे राहवणार नाही." "परवा बर्फात चालताना मी तिला गोष्ट सांगत होतो. शेजारचा सार्जंट म्हणाला, साहेब, कोणाशी बोलताय?"

हे सगळं बाबांनी लिहिलेलं! त्याच बाबांनी, जे जेवताना मीठसुद्धा बोट दाखवून मागायचे. फीनाला त्या दिवशी सगळं उमगलं, निदान तिला तसं वाटलं. युद्धानं बाबांचं तोंड बंद केलंय, मन नाही. आत माया आहे, बाहेर यायला वाट नाही एवढंच. तिनं पत्रं होती तशी ठेवली आणि खाली येऊन त्यांच्यापुढे मक्याची लापशी ठेवली. "मुली, गार झालीय," ते म्हणाले. ती हसली. तिला आता राग येईना.

त्या अकरा पत्रांवर तिनं आयुष्य काढलं. हे मी अलंकारिक बोलत नाही. चोविसाव्या वर्षी रूफस कोल्बी नावाच्या पिंपं बांधणाऱ्या कारागिरानं तिला मागणी घातली. धट्टाकट्टा, हसरा माणूस, हाताला कायम ओल्या ओक लाकडाचा वास. तो ओहायोकडे निघाला होता, तिकडे जमीन भरपूर. "फीना, तुझ्या बाबांनाही नेऊ," म्हणाला. कॅप्टननं मान हलवली, नाही. रूफस दोन शरद ऋतू थांबला. तिसऱ्यात तो म्हणाला, "अगं, ते तुला नावानं हाक मारत नाहीत, आणि तू त्यांच्यासाठी मला सोडतेस?" ती म्हणाली, "तुला नाही कळायचं. त्यांनी मला काय काय लिहिलंय ते तुला ठाऊक नाही." तो गेला. ती तीन दिवस जेवली नाही, चौथ्या दिवशी दुसऱ्याच्या लग्नाचा कोट शिवायला बसली.

पुढे कॅप्टनला अर्धांगवायू झाला. नऊ वर्षं तिनं त्यांना उचललं, पुसलं, चमच्यानं भरवलं. आणि शेवटच्या सकाळी त्यांनी मान वळवली, तिच्या खांद्यावरून दाराकडे पाहिलं आणि स्पष्ट म्हणाले, "फीनी." पुन्हा एकदा, "फीनी, आलीस?" तिनं त्यांचा हात घट्ट धरला. "मी इथेच आहे, बाबा. कुठे गेलेच नव्हते." एकोणचाळीस वर्षांच्या बाईला त्या दिवशी बापानं पहिल्यांदा नावानं हाक मारली. त्यांना पुरून आल्यावर लोकांना वाटलं दुःखानं हिचं डोकं फिरलं, कारण तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

या सगळ्याला चोवीस वर्षं झाली. अठराशे त्रेचाळीसच्या ऑक्टोबरात लायमनच्या डोक्यात आलं की आजोबांचे कागद हार्टफर्डच्या एका इतिहास मंडळाला द्यावेत. खाली नाव लागतं म्हणे, 'हबेल घराण्याचे कागद'. अल्मायराला कागदांची ती पेटी कोपऱ्यातून हलायला हवीच होती. घरात वडीलधारी फीना, तेव्हा देणगीपत्रावर सही तिची. ती आनंदानं तयार झाली. सगळ्या जगाला कळू दे की बाबा कोरडे नव्हते.

मंडळाकडून मिस्टर टील नावाचे गृहस्थ आले. तिशीचे, नाकावर चष्मा, बोलणं मऊ, सफरचंदाच्या पाईचा दुसरा तुकडा नको म्हणून तिसरा खाणारे. दोन दिवस ते जेवणाच्या टेबलावर कागद लावत बसले. तिसऱ्या दिवशी सकाळी पत्रांपाशी आले. फीना समोर बसून कोटाचं अस्तर टाचत होती, अल्मायरा भोपळा सोलत होती.

"ही पत्रं फार मोलाची आहेत, मिस हबेल," टील म्हणाले. "या पायमोज्याच्या पट्टीच्या पत्रात एक परदेशी कवायत-मास्तर आहे बघा, तीन भाषांत शिव्या देणारा. तो सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरच्या हिवाळ्यात आमच्या फौजेत आला. म्हणजे हे पत्र नक्की सतराशे अठ्ठ्याहत्तरच्या फेब्रुवारीतलं. मी साल घालून टाकतो."

"ऐंशीनंतरचं असणार ते," फीना मान वर न करता म्हणाली. "त्र्याऐंशीतलं. मी विणलेली पट्टी आहे ती."

"नाही हो, अठ्ठ्याहत्तरच. त्यात काही शंकाच नाही."

अल्मायराला हसू आवरेना. "घ्या! आत्या, तुमचा जन्म ऐंशीचा. म्हणजे जन्मायच्या दोन वर्षं आधीच विणत होतात की!"

ती स्वतःच्या विनोदावर खो-खो हसली. मग तिनं फीनाकडे पाहिलं आणि सुरी खाली ठेवली.

फीनाची सुई अस्तरात अर्धी शिरून थांबली होती. "तुम्ही चुकताय," ती टीलना म्हणाली. आवाज चढला होता. "चष्मा पुसा आणि पुन्हा वाचा. पुस्तकं वाचून आलात म्हणून माझ्या बापाचं मला शिकवू नका."

बिचारे टील गोंधळले. पेटीच्या तळाशी एक पुडकं होतं, लष्करी कागदांचं. कॅप्टननं स्वतः दोरीनं बांधून गाठीवर काळी लाख लावलेलं. ते त्यांनी पुढे केलं. "यात हजेरीपट आणि हुकूम असतील, तारखांसकट. पत्रं लावून बघता येतील. पण हे कधी उघडलेलं दिसत नाही."

"लष्कराचे कागद. बाबा म्हणायचे, हात लावायचा नाही," फीना म्हणाली. त्रेसष्ट वर्षांची बाई, बाप जाऊन चोवीस वर्षं झालेली, आणि तिनं ती गाठ कधी सोडली नव्हती. आता तिनंच कात्री उचलली आणि दोरी कापली. टीलना खोटं पाडायचं होतं ना.

आत खरंच हजेरीपट होते, बुटांच्या मागण्या होत्या, एका पळपुट्या शिपायाच्या चौकशीचे कागद होते. आणि त्यांच्या मधोमध, कोणाच्या हाती लागू नये असं घडी घालून ठेवलेलं, आईच्या अक्षरातलं एक पत्र. जुलै सतराशे एकोणऐंशी. टीलनी दोन ओळी वाचल्या आणि कागद खाली ठेवला.

"वाचा," फीना म्हणाली.

"मिस हबेल, हे आपण नंतर..."

"मी म्हटलं, वाचा. मोठ्यानं."

त्यांनी वाचलं. "आपली फीनी गेली. रक्ताच्या हगवणीनं चार दिवसांत. तिला पाचवं पूर्ण होऊन तीन महिने झाले होते. शेवटच्या दिवशी बाबा कुठे आहेत असं सारखं विचारत होती. मी म्हटलं, वाटेत आहेत, आता येतील. मी तिला खोटं सांगितलं, गिडिअन. ती दाराकडे बघत राहिली. माझ्या आईच्या शेजारी तिला पुरलं आहे. रजा मिळाली तर या. माझ्याच्यानं एकटीनं हे होत नाही."

 उलगडून सांगायची गरज तिथे कोणालाच नव्हती. आमच्या घरांत मूल गेलं की त्याचं नाव पुढच्या मुलाला देतात, जसं त्याचं झबलं देतात. गावात असे दोन-दोन सॅम्युएल आणि तीन-तीन मेरी निघतील, एक घरात, बाकीच्या मातीत. तीच रीत. फक्त बाकीच्या घरांत ते पोरांना ठाऊक असतं. कॅप्टन डिसेंबरात रजेवर आला, पुढच्या सप्टेंबरात दुसरी मुलगी झाली, तो छावणीतच होता आणि आईनं रीतीप्रमाणे नाव ठेवलं. त्याला कोणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर त्यानं ठेवू दिलं असतं का? त्याच्या जिभेनं पुढे जन्मभर उत्तर दिलं.

"म्हणजे त्या सकाळी," फीना हळू म्हणाली, "ते दाराकडे बघत होते." अल्मायरानं तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिनं झटकला नाही, पण तिला तो कळलाही नसावा. "'फीनी, आलीस?' म्हणाले. मी म्हटलं, मी इथेच आहे. किती मूर्ख बाई! त्यांना इथली नकोच होती. मध्ये तोंड घातलं मी त्यांच्या."

"आत्या, असं नका हो बोलू," अल्मायराचे डोळे भरून आले होते. "मी मेली काहीतरी बडबडले. माझी जीभ झडो."

"तुझी जीभ कशाला झडू दे? तू खरं बोललीस. जन्माआधीच विणत होते मी."

तिला त्या पोरीचा राग यायला हवा होता. पण पाच वर्षांची पोर, चार दिवस तळमळून गेलेली, दाराकडे डोळे लावून. तिच्यावर राग कसा धरायचा? आईचा धरायचा? ती तर कधीच मेली. उरले बाबा. आणि फीनाला फक्त एकच गोष्ट हवी होती. तिनं टीलना विचारलं, "या सगळ्या कागदांत मी कुठे आहे का? मी. ऐंशी सालची."

टील भला माणूस. त्यांनी दुपारभर शोधलं. कॅप्टननं अर्धांगवायू होईपर्यंत सत्तावीस वर्षं रोजनिशी लिहिली होती, हवामान आणि गुरांची, दिवसाला एक ओळ. पान न् पान त्यांनी पाहिलं, आणि जे मिळालं ते ती सांगेल तसं वाचत गेले. "मुलीला गोवर." "मुलीनं केस कापले." "मुलीनं मेणबत्त्या ओतल्या, बऱ्या झाल्या." एबेन नावानं होता. बेस गाय नावानं होती.

"अठराशे सहाचा ऑक्टोबर बघा," फीना म्हणाली. "रूफस गेला तो."

टीलनी पान काढलं. वाचलं, आणि पान उलटायला निघाले.

"काय लिहिलंय?"

"'दहिवर पडलं. पिंपवाला पश्चिमेला गेला. मुलगी राहिली. बरं झालं.'"

फीनानं हातातलं अस्तर टेबलावर ठेवून ते तळव्यानं सपाट केलं, पुन्हा पुन्हा, सुरकुती नव्हती तिथेही. "बरं झालं," ती म्हणाली. "कोणाचं?" मग तिनं तोंड ॲप्रनमध्ये खुपसलं आणि ती रडली, लहान पोर रडते तशी, आवाज करून. चौसष्टाव्या वर्षाला लागलेली बाई. तिनं रूफससाठी असं रडायला हवं होतं, ते इतक्या उशिरा आलं. अल्मायरा तिच्याजवळ जमिनीवर बसून राहिली. चुलीवरचा भोपळा करपला, कोणी उठलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी कागद न्यायला गाडी यायची होती. लायमन दुकानातून घाईनं आला. त्याला अर्धंमुर्धंच कळलं होतं. देणगीपत्र टेबलावर तयार होतं. "पत्रं ठेवून घ्यायची असतील तर ठेवा, आत्या," तो म्हणाला. "अकराच्या अकरा. मंडळाला कळायचंही नाही."

"माझी नाहीत ती, मी कशी ठेवू?" फीना म्हणाली. "जाऊ देत. त्या पोरीचं कुठेतरी लिहिलेलं राहील. इतकी वर्षं कोणी तिच्यासाठी डोळे पुसले नाहीत, माझ्यामुळे."

तिनं लेखणी घेतली, शाईत बुडवली आणि कागदाच्या तळाशी, सहीच्या जागी, दोन तिरप्या रेघांची फुली मारली. निरक्षर माणूस मारतो तशी.

लायमन चमकला. "अहो आत्या, हे काय? तुम्हाला लिहिता येतं की! माझं पाटीवरचं पहिलं अक्षर तुम्हीच गिरवून घेतलंत."

"येतं रे. पण सही काय करू? ते नाव तिचं आहे."

टील अवघडले. कायद्यानं फुलीशेजारी दुसऱ्यानं नाव लिहावं लागतं, कोणाची निशाणी ते कळायला. त्यांनी लेखणी हातात धरली. शेवटी विचारलं, "मग मी काय लिहू, बाई?"

"लिहा, मुलगी," फीना म्हणाली. "त्यांनी लिहिलंय तेच."